पीएचपीत तारीख: स्लॅश दिसला की सावध

आपल्याकडे फॉर्मात ०५/०३/२०२४ भरलं की अर्थ ५ मार्च. पीएचपी या वेबसाइटसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेतलं स्ट्रटोटाइम (मजकुरातून तारीख काढणारं फंक्शन) मात्र स्लॅश पाहून अमेरिकन पद्धतीनं महिना आधी धरतं आणि ३ मे काढून देतं. डॅश घालून ०५-०३-२०२४ दिलं तर दिवस आधी! वाईट भाग असा, की बारा तारखेपर्यंत एररही येत नाही, चुकीची तारीख गुपचूप डेटाबेसात जाऊन बसते. २५/०३/२०२४ आली की पंचविसावा महिना नसल्यानं फॉल्स, म्हणजे ‘जमलं नाही’ हे उत्तर मिळतं. तो फॉल्स न तपासता तारीख छापणाऱ्या डेट फंक्शनला दिला आणि स्ट्रिक्ट टाइप्स (डेटाचा प्रकार काटेकोर तपासणारी सेटिंग) बंद असले, तर पानावर १ जानेवारी १९७० झळकते.

म्हणून वापरकर्त्यानं भरलेल्या तारखेला स्ट्रटोटाइम लावूच नये. डेटटाइमइम्युटेबल या तारखेच्या क्लासचं क्रिएट-फ्रॉम-फॉरमॅट घ्या आणि फॉरमॅट स्पष्ट द्या: उद्गारचिन्ह, मग स्मॉल डी (दिवस), स्लॅश, स्मॉल एम (महिना), स्लॅश, कॅपिटल वाय (वर्ष). उद्गारचिन्ह गाळलं की तारखेला आत्ताची वेळ चिकटते, मग एकाच दिवसाच्या दोन तारखा तुलनेत वेगळ्या निघतात. एवढं करूनही ३१/०२/२०२४ हे निमूटपणे २ मार्च होतं. तयार झालेली तारीख उद्गारचिन्ह वगळून त्याच फॉरमॅटात परत छापून मूळ मजकुराशी ताडून पाहा, जुळली नाही तर नाकारा. शून्य न लावलेली ५/३/२०२४ही यात नापास होते. ती चालवायची असेल तर गेट-लास्ट-एरर्समधल्या वॉर्निंग बघाव्या लागतील.

छापताना नेहमीची चूक मिनिटांची. स्मॉल एम म्हणजे महिना, मिनिटांना स्मॉल आय. चूक झाली तर मार्चभर प्रत्येक वेळेची मिनिटं ०३ दिसतात.

टाइमझोन सेट नसेल तर पीएचपी यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतं, म्हणजे भारतात मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत पानावर कालची तारीख. डेटाबेसात यूटीसी खुशाल ठेवा, दाखवताना आशिया/कोलकाता लावा.

मराठी महिने हवे असतील तर स्ट्रफटाइम या जुन्या फंक्शनच्या नादी लागू नका, ते पीएचपी ८.१ पासून डेप्रिकेटेड (वापरू नये असं जाहीर केलेलं) आहे. इंटल हे वेगवेगळ्या भाषांसाठीचं एक्स्टेन्शन चालू करून त्यातल्या इंटलडेटफॉरमॅटरला मराठी लोकेल (भाषेची सेटिंग) द्या. अंकही देवनागरी येतात. फक्त तिथली अक्षरं निराळी: महिन्याला कॅपिटल एम, मिनिटांना स्मॉल एम. वर्षासाठी स्मॉल वाय घ्या. कॅपिटल वाय तिथे आठवड्याच्या हिशेबाचं वर्ष देतो, त्यामुळे ३० डिसेंबर २०२४ला २०२५ छापलं जातं. ही चूक वर्षातून जेमतेम काही दिवसच दिसते, म्हणून टेस्टमध्ये डिसेंबरअखेरची एक तारीख घालाच.