लॉक धरून झोपलेला ड्रायव्हर

मे महिन्यात सकाळी सातला तासगावच्या एका कोल्ड स्टोरेजमधून फोन, "मॅडम, रात्रीपासून टेंपरेचरची नोंदच नाही, डबा गप्प बसलाय." तिथं शेतकऱ्यांचा बेदाणा असतो, वर्षाची कमाई ती, माझ्या पोटात गोळाच आला. कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट, त्या टेंपरेचर नोंदवणाऱ्या डब्यातला लिनक्स ड्रायव्हर (सेन्सरकडून रीडिंग घेऊन ॲपला देणारा प्रोग्राम) मीच लिहिलेला आणि दीड वर्ष बिनतक्रार चाललेला.

बदललं होतं फक्त वरचं ॲप. आधी ते रीडिंग घ्यायला एकच बफर (मेमरीतली जागा) परत परत वापरायचं, आता दर रीडला नवा मोठा बफर घेत होतं. आणि मी स्पिनलॉकच्या आतच कॉपी_टू_युजर केलेलं. स्पिनलॉक म्हणजे एका वेळी एकालाच डेटाला हात लावू देणारा लॉक, दुसरा तिथंच फिरत वाट बघतो, म्हणून तो धरून झोपायचं नसतं; कॉपी_टू_युजर म्हणजे कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) डेटा ॲपच्या बफरमध्ये टाकणारं फंक्शन. नव्या बफरच्या ४०९६ बाइटच्या पानाला हात लागेपर्यंत मागे खरी मेमरीच नसते, हात लागला की पेज फॉल्ट, म्हणजे 'हे पान मेमरीत नाही' अशी हाक, मग कर्नल मेमरी शोधणार, आणि ती कमी पडली की त्या प्रोसेसला झोपावं लागतं. झोपली ती झोपली, पण लॉक तिच्याच हातात! तेवढ्यात प्रोसेसरच्या दुसऱ्या कोअरवर सेन्सरचा इंटरप्ट ('नवं रीडिंग आलं' असा तातडीचा इशारा) आला, तो त्याच लॉकसाठी फिरत राहिला, त्याला मध्येच सोडून जाता येत नाही, झालं, बोर्ड जाम.

टेबलावर तसाच बोर्ड लावला, कर्नलमध्ये डीबग ॲटॉमिक स्लीप, म्हणजे झोपू नये तिथं झोपायची शक्यता पकडणारी तपासणी, चालू केलं. वाटलं आता दोन-तीन रात्री जागायच्या, पण पहिल्याच रीडला 'स्लीपिंग फंक्शन कॉल्ड फ्रॉम इनव्हॅलिड कॉन्टेक्स्ट', खाली माझ्याच फंक्शनचं नाव. फॉल्ट झालाही नव्हता, इथं झोप लागू शकते एवढ्यावरच तो ओरडतो. दीड वर्षापूर्वीच हे चालू करायला हवं होतं, फार वाईट वाटलं.

मग लॉकच्या आत फक्त ६४ रीडिंग रिंगमधून (सेन्सरची रीडिंग साठवणाऱ्या गोल रांगेतून) लोकल ॲरेत, म्हणजे फंक्शनच्या स्वतःच्या तात्पुरत्या जागेत, उतरवायची, लॉक सोडायचा, नंतर कॉपी, असं केलं. आमचे सीनियर दादा म्हणाले, "आणि कॉपी फसली तर? रीडिंग रिंगमधून गेलीच की." खरंच की! म्हणून रीड करणाऱ्यांसाठी म्युटेक्स हा वेगळ्या जातीचा लॉक घेतला, तो धरून झोपलेलं चालतं, आणि कॉपी_टू_युजरनं शून्य दिलं, म्हणजे एकही बाइट कॉपी व्हायचा राहिला नाही, तरच टेल (रिंगमध्ये कुठवर वाचलं त्याची खूण) पुढं सरकवायचा, नाहीतर ॲपला ईफॉल्ट ही एरर द्यायची.

संध्याकाळी तासगावला जाऊन अपडेट टाकलं. रात्री परत येऊन बाकीच्या फाइल चाळल्या तर कॅलिब्रेशनच्या आयओक्टलमध्ये (ॲपकडून ड्रायव्हरला सेटिंग देणाऱ्या कॉलमध्ये) कॉपी_फ्रॉम_युजर, म्हणजे उलट दिशेची कॉपी, तसंच, स्पिनलॉकच्या आत. तेही बदललं आणि सकाळी परत तासगावला गाडी काढली.