एका कानाचं संगीत

इअरफोनचा उजवा कान गेला. वायर चिमटीत धरली, वाकवून बघितली, केसांत घालायच्या पिनेने दाबून ठेवली, तरी हूं की चूं नाही. दुपारचे तीन वाजलेले, डोंबिवलीत या वेळेला वाराही झोपलेला असतो. कुकरमध्ये काळे वाटाणे चढवले होते आणि शिट्या होईपर्यंत जरा आडवं पडून अमेरिकन गायिका गिलियन वेल्च ऐकावी असा बेत होता. ऐकायला घेतली तर अर्धं गाणं गायब. तिच्या शेजारी डेव्हिड रॉलिंग्ज 1935 सालची त्याची जुनी गिटार घेऊन काय काय बारीक कशिदा काढत असतो, तो सगळा बंद पडलेल्या बाजूला गेलेला. दोन माणसांच्या संगीतातलं एक माणूस कमी म्हणजे फारच झालं. वैतागून जुनं काहीतरी लावलं, चार्ली पूल, 1925. आणि ते पूर्ण ऐकू आलं. फिडल, बँजो, गिटार, त्याचा तो नाकातला आवाज, सगळं डाव्या कानात दाटीवाटीने बसलेलं. तेव्हाचं ध्वनिमुद्रण सगळं मोनो. एका कानात जे येतं तेच दुसऱ्या कानात. दुसरा कान असला काय, नसला काय.

मग मी तशीच पडून राहिले. डाव्या कानात नॉर्थ कॅरोलायना, उजव्या कानात कुकर आणि खालच्या मजल्यावरचा पाढे म्हणणारा मुलगा.

हा चार्ली पूल कापडगिरणीत कामाला होता. बेसबॉलचा चेंडू हातमोजा न घालता झेलून दाखवतो अशी पैज त्याने लावली आणि हाताची हाडं मोडून घेतली. हात कायमचा वाकडा झाला, आणि त्या वाकड्या हातानेच तो बँजो वाजवायचा. पुढे 1931 मध्ये हॉलिवूडहून बोलावणं आलं, त्या आनंदात त्याने प्यायला जी सुरुवात केली ती थांबलीच नाही. एकोणचाळिसाव्या वर्षी गेला. आमच्याकडे नाटक कंपन्यांतल्या गायकांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्याला यात नवल वाटायचं कारण नाही.

या सगळ्या प्रकाराला तिकडे ‘ओल्ड-टाइम’ म्हणतात. अपालाचियन डोंगररांगांतलं आणि त्याच्या आसपासचं तंतुवाद्यांचं संगीत: फिडल, बँजो, गिटार, कधी मँडोलिन. बँजो म्हटल्यावर इथे सगळ्यांना विसर्जनाच्या मिरवणुकीतली बेंजो पार्टी आठवते. ती निराळी, बटणं दाबून वाजवायची. मी म्हणते त्याला तबल्यासारखं कातडं ताणलेलं गोल अंग असतं, लांब दांडी असते आणि एक पाचवी तार अशी असते की ती दांडीच्या मध्यावरूनच सुरू होते. ही आखूड तार मला भारी आवडते. ती चालीत फारसा भाग घेत नाही. बोटाचं नख वरून खाली तारांवर आपटायचं आणि मागोमाग अंगठ्याने ही तार छेडायची. चाल कुठेही जाऊदे, ही आपला एकच सूर धरून मध्ये मध्ये टणटणत राहते. तुणतुण्याची सवय असलेल्या कानाला ती लगेच ओळखीची वाटते. मला तरी वाटली. आमचे हे म्हणतात, ‘अगं, हे दुसरं गाणं आहे की मघाचंच चाललंय?’ मघाचंच असतं बहुतेक वेळा.

कारण हे संगीत पुढे जात नाही. चालीचे दोन भाग, पहिला दोनदा, दुसरा दोनदा, की परत पहिला. असं पंधरा वेळा, वीस वेळा. कोणी एकटा पुढे सरसावून करामत दाखवत नाही. ते ब्लूग्रासवाले, म्हणजे याच संगीतातून पुढे निघालेल्या शाखेतले लोक करतात, आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण दुपारी तीनला नको. इथे फिडल आणि बँजो एकच चाल बरोबरीने वाजवतात, गिटारवाला खाली ठोका धरतो आणि सगळे गोल करून एकमेकांच्या हातांकडे बघत बसतात. ऐकणाऱ्याकडे त्यांची पाठ असते. वेस्ट व्हर्जिनियात क्लिफटॉप नावाच्या ठिकाणी 1990 पासून दर उन्हाळ्यात यांची जत्रा भरते. तिचे व्हिडिओ बघताना मला रंगमंचापेक्षा तंबू आवडतात. प्रत्येक तंबूपुढे एक कोंडाळं, मध्यरात्र उलटलेली, आणि तीच चाल चालू. संपायची वेळ झाली की कोणीतरी नुसता पाय उचलतो.

हे गोल बसणं मी फार आधी बघितलंय.

गणपतीत आम्ही कुडाळजवळच्या गावी जायचो. रात्री वाडीतली भजनी मंडळी घरोघर फिरत. आमच्या घरी पोचेपर्यंत अकरा-साडेअकरा व्हायचे. पडवीत घोंगडी अंथरलेली, वर माटवीला बांधलेली कवंडाळं आणि तेरडा, समईच्या उजेडात बुवा पेटी पुढे ओढून घेत. पखवाजवाले आजोबा आधी पुडीला कणीक लावून ती अंगठ्याने दाबत बसत, त्यातच दहा मिनिटं जात. मग झांजा, टाळ, आणि आठ-दहा माणसांचा तो गोल. आम्हा मुलींना आत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जागा. उसळ ढवळायची, पावांच्या लाद्या सोडवायच्या, चहाचे कप मोजायचे, आणि मधूनच आजीचं, ‘गो, लक्ष खंय तुजा? उसळ करपात मगे!’ त्यामुळे सगळं भजन आम्ही एका कानाने ऐकलं. दुसरा कान चुलीकडे. घरातल्या कुठल्याच बाईने ते दोन्ही कानांनी ऐकलं असेल असं मला वाटत नाही, आणि तरी सगळ्यांना सगळी भजनं पाठ. काकू तर पखवाजाची जागा चुकली तर आतून ‘च्च’ करायची.

तेव्हा लक्षात आलं नव्हतं, पण ती मंडळी आमच्यासाठी गात नव्हती. गणपतीसाठी गात होती म्हणावं तर तो बसलेला एका बाजूला मखरात, आणि हे एकमेकांकडे तोंडं करून. गजर सुरू झाला की तर विचारूच नका. एकच ओळ, लय वाढत जाणारी, झांजवाल्यांच्या मानेच्या शिरा ताठ, आणि बुवा डोळ्यांनी पखवाजवाल्याला चिडवतायत की ये, येतोस का अजून पुढे. अमेरिकन मंडळींत हे लय वाढवणं बसत नाही. तिकडे ज्या चालीने निघालात त्याच चालीने पोचायचं, वेग वाढला तर जुने लोक भुवया वर करतात. एवढा एक फरक. बाकी पावाऐवजी तिकडे काय देतात ते बघायला हवं.

देत असणार काहीतरी. टॉमी जॅरल नावाचे एक आजोबा होते, नॉर्थ कॅरोलायनात माउंट एअरीजवळच्या टोस्ट नावाच्या गावात. जन्म 1901 चा. उभी हयात सरकारी रस्त्यांच्या कामावर ग्रेडर चालवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर साठी-सत्तरीत फिडल पुन्हा नेमाने हातात घेतलं, आणि शहरांतली लांब केसांची पोरं त्यांचं दार ठोठवायला लागली. आजोबांनी कोणाला परत पाठवलं नाही. राहा, जेवा, वाजवा. फी नाही, वेळापत्रक नाही. आज त्यांचं फिडल वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. मला संग्रहालयापेक्षा ते दार जास्त महत्त्वाचं वाटतं. तिकडचे जुने फिडलवाले वाद्याच्या पोटात रॅटलस्नेकच्या शेपटीचा खुळखुळा टाकून ठेवत. कोणी म्हणतं दमट हवा लागू नये म्हणून, कोणी म्हणतं उंदीर येऊ नयेत म्हणून. आमच्या पखवाजवाल्या आजोबांना हे सांगता आलं असतं तर त्यांनी लगेच एक साप शोधायला घेतला असता.

गिलियन वेल्चवर सुरुवातीला टीका झाली होती. न्यू यॉर्कला जन्मलेली, लॉस एंजेलिसला वाढलेली मुलगी, हिने डोंगरातल्या गरिबांची गाणी का करावीत म्हणून. मला हा आक्षेप कधी कळला नाही. टोस्टला जाणारी पोरंही शहरातलीच होती. आणि हे शुद्ध डोंगरातलं म्हणतात तेही तपासून बघायला गेलं तर बँजो मुळात आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांचा. भोपळ्याला कातडं लावून केलेली तसली वाद्यं पश्चिम आफ्रिकेत अजून वाजतात. आखूड तारेसकट. 1920 च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी गोऱ्यांसाठी एक यादी केली आणि काळ्यांसाठी दुसरी, काळ्यांनी ब्लूज गावं असं ठरवून टाकलं, आणि फिडल-बँजो वाजवणारी काळी घराणी कुठल्याच यादीत धड बसली नाहीत. त्यांची रेकॉर्डच फारशी निघाली नाही. नंतरच्या लोकांनी रेकॉर्ड ऐकल्या आणि म्हणाले, हे गोऱ्यांचं संगीत.

अशा एका घराण्यातले जो थॉम्प्सन मात्र खूप जगले. नॉर्थ कॅरोलायनातल्याच मेबेन गावी त्यांचं घर. 2005 मध्ये तीन तरुण काळे वादक दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसायला लागले. त्यांतली रियानन गिडन्स ऑपेरा शिकून आलेली. त्यांनीच पुढे कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स हा बँड काढला, 2011 मध्ये ग्रॅमी मिळवलं. थॉम्प्सन आजोबा 2012 मध्ये गेले. गुरुवार हा वार मला उगाच आपला वाटतो. त्या मंडळींना दत्ताशी काही देणंघेणं नसणार, पण गुरुवारी संध्याकाळी जमून बसायचं म्हणजे काय ते आम्हाला समजावून सांगावं लागत नाही.

घरात माझ्या या नादाला थोडी प्रतिष्ठा मिळाली ती झाकीरभाईंमुळे. 2024 च्या फेब्रुवारीत त्यांना तीन ग्रॅमी मिळाली. त्यांतली दोन बेला फ्लेकचा बँजो, एडगर मेयरचा डबल बास आणि राकेश चौरसियांची बासरी यांच्यासोबतच्या कामाला. तेव्हा आमचे हे पेपर खाली ठेवून म्हणाले, ‘म्हणजे तुझ्या त्या बँजोत काहीतरी असावं.’ असावं! फ्लेक खरं तर या मोनोवाल्यांपासून कोसभर लांब गेलेला माणूस, पण मी काही खुलासा केला नाही. मिळालेली प्रतिष्ठा कोण परत करतं?

माझ्या काही खोडीही आहेत. रेकॉर्डवरची खरखर साफ करून विकतात, ती मी घेत नाही. धुतल्यावर फिडलचा गजही बोथट झाल्यासारखा वाटतो. गाण्याआधी पाच मिनिटं गाण्याची गोष्ट सांगणारे गायक मला सहन होत नाहीत. तारा जुळवताना बोलणारे चालतात. आणि शब्द समजून घ्यायच्या भानगडीत मी बरीच वर्षं पडले नव्हते. नाकातून येणारं ते इंग्रजी असंही चारातलं एकच अक्षर कळू देतं. चाल उड्या मारणारी, म्हणजे गाणं कोंबडीबद्दल किंवा लग्नाबद्दल असणार असं मी धरून चालले होते. बरीचशी असतातही कोंबडीबद्दल.

त्या दुपारी चार्ली पूलनंतर आपोआप जे लागलं ते जी. बी. ग्रेसनचं, 1927 चं. हा दृष्टी अधू असलेला फिडलवाला. स्वतःच वाजवतो आणि त्याच चालीवर स्वतःच गातो, दुसरं वाद्य नाही. हे गाणं मला पाठ आहे, म्हणजे चाल पाठ आहे. पोळ्या लाटताना ती चांगली बसते, लाटणं आपोआप फिरतं. त्या दिवशी एक कान मोकळा असल्यामुळे की काय, मी पहिल्यांदा शब्दांच्या मागे गेले. नेओमी वाइझ नावाची मुलगी. प्रियकर तिला झऱ्यापाशी बोलावतो, पैसे देईन, चांगल्या वस्तू देईन म्हणतो, घोड्यावर मागे बसवून नेतो, आणि पाण्यात बुडवतो. गंमत म्हणून रचलेली गोष्ट असेल म्हणून शोधलं. नाही. नॉर्थ कॅरोलायनात रँडॉल्फ काउंटीतली खरी मुलगी, अनाथ, दुसऱ्यांच्या घरी राहून काम करणारी. डीप रिव्हर नावाच्या नदीत तिचं प्रेत सापडलं, एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला. ज्याच्यावर संशय होता तो जोनाथन लुइस पकडला गेला, तुरुंगातून पळाला. पुढे परत धरून आणला, पण त्या खुनाची शिक्षा त्याला कधी झाली नाही.

आपल्याकडे फुगडीच्या गाण्यांत सासू सुनेचं काय काय करते आणि आम्ही पोरी टाळ्या पिटत, घामाघूम होत, हसत ते म्हणायचो. कोणी थांबवलं नाही. म्हणणाऱ्यांतल्याच काहीजणी घरी जाऊन तेच भोगत असतील, हे आता कळतं. तेव्हा फक्त फेर चुकू द्यायचा नव्हता.

लुइसला जे करायचं होतं त्याच्या उलट गाण्याने केलं, तिचं नाव दोनशे वर्षं पुसू दिलं नाही, असं कोणी म्हणेल. म्हणोत. मी काल पोळ्या लाटताना पुन्हा तेच गुणगुणत होते, आणि आता शब्द कळतात.