भरलेली जुनी पिकअप घेऊन चोर्ला घाट उतरताना

चवथीच्या आधी बेळगावहून कांदे-बटाटे आणायचे म्हणून आमची जुनी पिकअप चोर्ला घाटाने नेली. गोव्यातलं साखळी, केरी, घाट चढून चोर्ला, मग कणकुंबी, जांबोटी, बेळगाव. जाताना गाडी रिकामी, त्यामुळे चढणीचं फारसं कौतुक नाही. फक्त पावसाळ्यात धबधबा दिसला की लोक वळणावरच गाडी लावून फोटो काढतात, तेवढं ध्यानात ठेवा.

निघण्याआधी मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइलला दाब देणारा भाग, नवा बसवून घेतला होता. जुन्याचं पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली बसायचं. गॅरेजवाला म्हणाला, "आता बिनघोर जा." परतीला, माल भरून, अर्धा घाट उतरल्यावर एका वळणाआधी ब्रेक दाबला तर पेडल पार खाली गेलं. ब्रेक लागला, पण निम्माच. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती म्हणून निभावलं. हँडब्रेक थोडा थोडा ओढत डोंगराच्या बाजूला थांबवली. हँडब्रेक केबलवर चालतो, ऑइल गेलं तरी तो उरतो. पण ओल्या रस्त्यावर एकदम ओढलात तर मागची चाकं घसरतात. पोऱ्याने उडी मारून चाकांपुढे दगड लावले.

मागच्या अ‍ॅक्सलवरचा ब्रेक पाईप क्लिपच्या खाली गंजून फुटला होता. ही गाडी पूर्वी मालीम जेटीवरून मासळी वाहायची. क्रेटमधून गळणारं खारं पाणी चासिसवर मुरत राहिलं, त्यात आमची तांबडी माती. जुना मास्टर सिलिंडर पुरता दाब देतच नव्हता म्हणून तो पाईप इतके दिवस टिकला. नव्याने पूर्ण दाब दिला आणि सगळ्यात कच्ची जागा गेली. बसवलेला भाग चांगलाच होता, पण गाडीखाली वाकून कोणी बघितलं नव्हतं. पुढच्या चाकांची लाइन वेगळी असते, म्हणून निम्मा ब्रेक शिल्लक राहिला.

घाटात मोबाईलला रेंज नव्हती. कदंबच्या (गोव्याची सरकारी बस) कंडक्टरकडे खाली निरोप धाडला. आलेला मेस्त (मेकॅनिक) म्हणाला, "बाब, पाईप दाबून बंद करतो, पुढच्या ब्रेकवर हळूहळू उतरा."

"नको मेस्त, माल भरलाय. पाईप आणा, आम्ही थांबतो."

तो तोंड वाकडं करून गेला, पण पाईप घेऊन आला. असल्या जुगाडाला घाटात तरी हो म्हणू नका. तांब्याचा साधा पाईपही नको, तो हादऱ्यांनी चिरतो.

ब्रेक ऑइल सीलबंद बाटलीतलंच, तुमच्यासमोर उघडलेलं. ते हवेतला ओलावा ओढतं. नवं डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर ही हद्द १४० पर्यंत उतरते. घाटात तापून उकळलं की लाइनमध्ये वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं लागतं. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर लायनर (ड्रमला घासून चाक थांबवणारे पट्टे) तापलेत किंवा बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) गेलाय.

गॅरेजमधून गाडी घेताना इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पेडल मारा, मग दाबून धरून स्टार्ट करा. पेडल किंचित खाली आलं तर बूस्टर ठीक. तसंच अर्धा मिनिट दाबून धरा. खाली बसत गेलं तर काम अर्धवट आहे. काढलेले जुने भाग मागून घ्या. व्हील सिलिंडरचं (चाकाजवळ ऑइलच्या दाबाने ब्रेक लावणारा भाग) रबर फुगलेलं दिसलं तर कोणीतरी भलतंच तेल घातलंय.

परतीला कणकुंबीत चहाला थांबा आणि चारही चाकांच्या आतल्या बाजूला ब्रेक ऑइलची ओल आहे का बघा. खाली उतरताना, चढताना जो गिअर लागला असता तोच ठेवा. डिझेल वाचवायला न्यूट्रल किंवा इंजिन बंद करणारे मला भेटलेत. इंजिन बंद म्हणजे दोन-तीन दाबांत बूस्टरची मदत संपली. जळका वास आला तर बाजूला घेऊन गाडी निवू द्या. ड्रमवर पाणी ओतू नका, तापलेला ड्रम तडकतो.