जुडग्यातली किल्ली

गेल्या पावसाळ्यात आमच्या गाडीच्या सर्व्हिस सेंटरमधून फोन आला. बोलणारा मुलगा अतिशय नम्र होता. "सर, तुमच्या गाडीचे एक सर्व्हिस कॅम्पेन निघाले आहे, सोयीने घेऊन या, सगळे मोफत आहे," असे तो म्हणाला. कोणता भाग बदलणार, असे विचारल्यावर "फ्युएल पंप" एवढेच उत्तर मिळाले आणि का बदलणार, या प्रश्नाला "कंपनीकडून सूचना आहे" असे. तो पंप निकामी झाला तर चालती गाडी रस्त्याच्या मधोमध बंद पडू शकते, हे वाक्य मला तिथल्या कोणीही ऐकवले नाही. ते मी कंपनीच्या संकेतस्थळावर चासिस नंबर टाकून स्वतः शोधून वाचले. जॉब कार्डावर "कॅम्पेन" असे लिहिलेले होते. "रिकॉल", म्हणजे दोषामुळे माल परत मागवणे, हा शब्द त्या कागदावर कुठेही नव्हता.

भोसरीतल्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासण्यात माझी सव्वीस वर्षे गेली. त्यामुळे माल परत मागवावा लागणे ही काही जगबुडी नव्हे, हे मी जाणतो. हजारो भागांच्या यंत्रात एखादा भाग कधीतरी फसतो. तो कबूल करून बदलून देणारी कंपनी माझ्या लेखी वाईट ठरत नाही. मला त्रास होतो तो शब्दाच्या या अदलाबदलीचा. त्या दिवशी घरी येताना मला जनरल मोटर्स या अमेरिकी मोटार कंपनीचे 2014 सालचे सदोष इग्निशन स्विचचे प्रकरण पुन्हा आठवले, कारण अमेरिकेतली माणसे त्या वेळी ज्या गोष्टीने पेटून उठली होती, तिची सुरुवातही अशाच शब्दांपासून झालेली होती.

गाडीत बसून किल्ली फिरवताना आपल्या बोटांना एक खटका जाणवतो. किल्ली "रन"वर आली की आतला छोटा स्प्रिंगवरचा दट्ट्या खाचेत बसतो आणि तिला तिथे धरून ठेवतो. जनरल मोटर्सच्या शेव्हरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन आणि त्यांच्या जोडीच्या काही छोट्या गाड्यांमध्ये हा खटका फार हलका होता. किल्ली फिरवायला किती जोर लागावा याचे कंपनीचे स्वतःचे माप ड्रॉइंगवर लिहिलेले होते आणि किल्लीमागचा इग्निशन स्विच त्या मापात बसत नव्हता. तरीही तो मंजूर झाला. परिणामी जुडग्याला चार जास्त किल्ल्या असल्या, चालकाचा गुडघा लागला किंवा चाक खड्ड्यात आदळले, तर किल्ली आपोआप मागे सरकत असे. इंजिन बंद पडे, स्टिअरिंग जड होई, ब्रेकला मिळणारी मदत संपत जाई आणि सर्वांत भयंकर म्हणजे एअरबॅगचा वीजपुरवठा तुटे. गाडी आदळणार त्या क्षणी एअरबॅग उघडतच नसे.

यातली एक गोष्ट माझ्यासारख्या तपासणी विभागातल्या माणसाला झोपू देत नाही. 2006 मध्ये स्विचच्या डिझाइन अभियंत्याने जास्त लांब दट्ट्या असलेल्या सुधारित स्विचला मान्यता दिली, परंतु पार्ट नंबर मात्र जुनाच ठेवला. आमच्या कारखान्यात ड्रॉइंगमध्ये अर्ध्या मिलिमीटरचा बदल झाला तरी रिव्हिजन नंबर बदलल्याशिवाय माल स्टोअरमध्ये घेतला जात नसे आणि नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात हेच शिकवले जाई. कारण नंबर हा त्या भागाचा पत्ता असतो. पत्ता तोच ठेवून घर बदलले की शोधणारा माणूस कायमचा चुकतो. पुढे कंपनीतलेच तपास करणारे अभियंते चुकले ते असेच. 2007 च्या पुढच्या कोबाल्टमध्ये अपघात कमी का होतात, हे कोडे त्यांना सुटेना, कारण कागदावर दोन्ही स्विच एकच होते.

ते कोडे कंपनीबाहेरच्या माणसांनी सोडवले. 2010 मध्ये जॉर्जिया राज्यात एका तरुण परिचारिकेचा कोबाल्ट चालवताना मृत्यू झाला. आपली मुलगी नीट गाडी चालवत होती, याची तिच्या आईवडिलांना खात्री होती. ते वकिलाकडे गेले आणि वकिलाने एका अभियंत्याला कामाला लावले. त्याने अपघातग्रस्त गाडीतला स्विच आणि त्याच नंबरचा नवा विकत घेतलेला स्विच असे दोन्ही उघडून शेजारी शेजारी ठेवले. एकाचा दट्ट्या दुसऱ्यापेक्षा लांब होता. एवढ्या अवाढव्य कंपनीला दहा वर्षांत जे सापडले नाही, ते एका टेबलावर, दोन स्विच हातात घेऊन सापडले. डिझाइन अभियंत्याने मात्र 2013 मध्ये शपथेवर सांगितले होते की असा बदल केल्याचे आपल्याला माहीत नाही.

फेब्रुवारी 2014 मध्ये गाड्या परत मागवण्यास सुरुवात झाली, तीही हप्त्याहप्त्याने. आधी काही लाख, मग आणखी काही लाख, आणि मार्च संपेपर्यंत हा आकडा सुमारे 26 लाखांवर गेला. लोकांचा संताप प्रत्येक हप्त्याला वाढत गेला, आणि तो का वाढला हे समजण्यासाठी एक जुना हिशेब लक्षात घ्यावा लागतो. 2009 मध्ये ही कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा अमेरिकी करदात्यांच्या सुमारे 50 अब्ज डॉलरनी तिला उभे केले होते. सरकारने आपले शेवटचे शेअर डिसेंबर 2013 मध्ये तोटा सोसून विकले आणि त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांत हे प्रकरण बाहेर आले. शिवाय दिवाळखोरीच्या निकालाचा आधार घेऊन, 2009 पूर्वीच्या अपघातांचे दायित्व "जुन्या" कंपनीचे आहे, अशी भूमिका दिवाळखोरीतून उभी राहिलेली "नवी" कंपनी घेऊ शकत होती. ज्यांच्या पैशाने कंपनी वाचली, त्यांच्यातल्याच घरांना "तो मृत्यू आमच्या खात्यात नाही" असे ऐकावे लागणार होते. (ही ढाल पुढे 2016 मध्ये अपील न्यायालयाने बऱ्याच अंशी मोडून काढली.)

1 एप्रिल 2014 रोजी मेरी बारा वॉशिंग्टनमध्ये प्रतिनिधिगृहाच्या समितीसमोर उभ्या राहिल्या. कंपनीच्या प्रमुखपदी येऊन त्यांना तीन महिनेही झाले नव्हते. त्यांच्या मागच्या भागात मृतांचे नातेवाईक आपापल्या माणसांचे फोटो घेऊन बसले होते. बाराबाईंनी माफी मागितली आणि मला ती माफी मनापासूनची वाटते. परंतु हे आधी कोणाला माहीत होते, कोणी थांबवले, या प्रश्नांना "अंतर्गत चौकशी चालू आहे" हेच उत्तर पुन्हा पुन्हा आले. त्याच समितीत 57 सेंट हा आकडा उच्चारला गेला. दुरुस्तीसाठी लागणाऱ्या भागाची ती किंमत होती. मला वाटते, त्या सगळ्या प्रकरणातला लोकांच्या लक्षात राहिलेला एकमेव आकडा हाच असावा, कारण तो प्रत्येकाला आपल्या खिशातल्या चिल्लरीवरून समजत होता.

त्याच दिवसांत मालकांना सल्ला दिला जात होता की जुडग्यातली बाकीची सगळी ओझी काढा आणि फक्त गाडीची किल्ली वापरा. सुटे भाग तयार होऊन दुरुस्ती सुरू व्हायला वेळ लागणार होता. हा सल्ला तांत्रिकदृष्ट्या चूक नव्हता, हे मी मान्य करतो. पण तो ऐकणाऱ्या माणसाच्या जागी बसून पाहावे. ज्या घरात मृत्यू झाला आहे, त्या घराला हा सल्ला असा ऐकू येतो की तुमच्या मुलीने जुडग्याला घराची किल्ली लावली नसती, तर ती वाचली असती. सदोष वस्तूचा भार वापरणाऱ्याच्या सवयीवर टाकण्याची ही रीत नवी नव्हती. डिसेंबर 2005 मध्येच कंपनीने डीलरांना पत्रक पाठवून ग्राहकांना हाच जुडग्याचा सल्ला द्यायला सांगितले होते. चालत्या गाडीचे इंजिन बंद पडणे ही त्या वेळी कंपनीच्या वर्गवारीत सुरक्षिततेची बाब नव्हती, ती "ग्राहकांच्या सोयीची" बाब होती.

हीच ती शब्दांची गोष्ट. मे 2014 मध्ये अमेरिकी रस्ता सुरक्षा प्रशासनाने कंपनीला 35 दशलक्ष डॉलर दंड केला, तेव्हा 2008 सालच्या एका अंतर्गत प्रशिक्षणाची पाने जाहीर झाली. अहवालात कोणते शब्द लिहू नयेत, याची यादी त्यात होती. काही शब्द भडक होते, ते टाळायला सांगणे समजू शकते. पण "दोष" लिहू नका, तर "डिझाइनप्रमाणे काम करत नाही" असे लिहा. "समस्या" लिहू नका, तर "बाब" किंवा "स्थिती" लिहा, असेही त्यात होते. मी अहवाल लिहिण्यातच आयुष्य काढले आहे, म्हणून अनुभवाने सांगतो की ज्या माणसाला "दोष" लिहिण्याची मनाई असते, त्याला काही काळाने दोष दिसणेही बंद होते. जून 2014 मध्ये माजी सरकारी वकील अँटन व्हॅलुकस यांचा चौकशी अहवाल आला. बैठकीत सगळ्यांनी होकारार्थी मान डोलवायची आणि बाहेर पडल्यावर कोणीच काही करायचे नाही, या सवयीला कंपनीतच "जीएम नॉड" असे नाव पडले होते, हे त्यातून कळले. 15 जणांना कामावरून काढण्यात आले. जाणूनबुजून केलेला कट सापडला नाही, असा त्या अहवालाचा निष्कर्ष होता आणि अनेक नातेवाइकांना तो पटला नाही. मला तो निष्कर्ष खरा वाटतो आणि म्हणूनच अधिक गंभीर वाटतो. कट असता तर तो चार माणसांचा असता. इथे मान डोलवणारे कितीतरी होते.

शेव्हरोले हे नाव पुण्याला परके नाही. तळेगावला या कंपनीचा मोठा कारखाना होता, आमच्या ओळखीतल्या कितीतरी मुलांनी तिथे नोकरी केली. कोबाल्ट आपल्याकडे विकली गेली नाही, तरी त्या प्रकरणाच्या आदल्याच वर्षी, जुलै 2013 मध्ये, शेव्हरोलेच्या 1 लाख 14 हजार टवेरा गाड्या भारतात परत मागवाव्या लागल्या होत्या. तिथे प्रश्न उत्सर्जन चाचणीत केलेल्या लबाडीचा होता. तेव्हा आपल्याकडे सक्तीने गाड्या परत मागवायला लावणारा कायदा नव्हता, 2012 पासूनची उद्योगाची ऐच्छिक संहिता तेवढी होती. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये कलम 110-अ आले आणि त्याचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना ते लागू आहेत. सरकारने सक्ती करण्याची वेळ आली, तर दंड 10 लाखांपासून 1 कोटीपर्यंत जातो, आणि कंपनीने स्वतःहून गाड्या परत मागवल्या तर दंड नाही. ही शेवटची तरतूद मला योग्य वाटते, कारण कबुलीला शिक्षा केली की लपवाछपवी वाढते. पण मग त्या सवलतीच्या बदल्यात कंपनीने मालकाशी स्पष्ट बोलावे, "रिकॉल" हा शब्द आणि त्यामागचा धोका जॉब कार्डावर लिहावा, ही अपेक्षा मी का ठेवू नये?

2014 मध्ये अमेरिकेत कंपनीची विक्री घटली नाही, उलट आदल्या वर्षापेक्षा वाढली. त्यावरून लोकांचा राग वरवरचा होता, असे म्हणणारे भेटतात. मला तसे वाटत नाही. सदोष गाड्या जुन्या आणि स्वस्त होत्या. सॅटर्न आणि पाँटियाक ही कंपनीची नावे तोपर्यंत बंदच झाली होती. अशा गाड्या पहिली नोकरी लागलेली मुले, हातात फार पैसा नसलेली घरे घेतात. शोरूममध्ये नवी गाडी घेणारा आणि समितीच्या सभागृहात फोटो धरून बसलेला, हे दोन वेगळे लोक होते.

कंपनीने भरपाईचे काम वकील केनेथ फाइनबर्ग यांच्याकडे सोपवले. सुरुवातीला कंपनी 13 मृत्यू मान्य करत होती. फाइनबर्ग यांनी चार हजारांहून अधिक अर्ज तपासून 124 मृत्यू आणि 275 जखमींचे दावे मंजूर केले. चालक वेगात होता का, तो प्यायलेला होता का, त्याने पट्टा लावला होता का, हे आपण पाहणार नाही, असे त्यांनी सुरुवातीलाच जाहीर केले होते. स्विच कारणीभूत होता का, एवढाच प्रश्न. इतकी वर्षे सगळी बोटे चालकाकडे वळलेली असताना ही एक अट त्या घरांसाठी पैशाइतकीच मोलाची ठरली असेल.

त्या मूळच्या 13 मृत्यूंमध्ये टेक्सासमधला एक होता. 2004 मध्ये एक तरुणी सॅटर्न आयन चालवत होती, शेजारी तिचा होणारा नवरा होता. गाडी रस्ता सोडून झाडावर आदळली, एअरबॅग उघडल्या नाहीत आणि तो गेला. तिच्या रक्तात एका औषधाचा अंश सापडला, म्हणून दोष तिचाच ठरला. तिने न्यायालयात निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा कबूल केला आणि पुढची वर्षे आपणच त्याला मारले, असे समजून काढली. 2014 मध्ये कंपनीने तिच्या वकिलाला पत्र देऊन मान्य केले की त्या अपघाताचा संबंध स्विचशी आहे. नोव्हेंबर महिन्यात न्यायाधीशांनी तिची शिक्षा रद्द केली, तेव्हा मृत मुलाची आईही तिच्या बाजूने उभी होती. अपघाताला तेव्हा दहा वर्षे झाली होती.