स्टँडीवरचे थेंब

रत्नागिरीत माझे मोबाइल विक्रीचे दुकान आहे, त्याला आता अठरा वर्षे होत आली. नवा फोन बाजारात येण्याआधी त्याचा जेवढा गाजावाजा होईल तेवढा तो दुकानदाराच्या पथ्यावरच पडतो, अशी माझी अनेक वर्षे ठाम समजूत होती. जाहिरातीचा खर्च कंपनी करते, गिऱ्हाईक आपल्या पायांनी चालत येते, आपण टोकन घ्यायचे आणि पावती फाडायची; यात दुकानदाराचे नुकसान होण्यासारखे काय आहे, असे मी इतर व्यापाऱ्यांनाही सांगत असे. ही समजूत एका गुरुवारी, दुपारी बारा ते रात्री दहा एवढ्या वेळात मोडली.

गोष्ट काही वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वितरकाचा माणूस पुरुषभर उंचीचा एक पुठ्ठ्याचा स्टँडी दुकानाच्या दाराशी उभा करून गेला. त्यावर फोनची किंमत नव्हती, पडद्याचा आकार नव्हता, कॅमेऱ्याचा आकडाही नव्हता. काळ्या पार्श्वभूमीवर फोनची एक कड, तिच्यावरून ओघळणारे पाण्याचे टपोरे थेंब आणि खाली ‘लवकरच येत आहे’ ही ओळ, एवढाच सगळा मजकूर. एरवी नव्या फोनचा डमी, म्हणजे आत काहीही नसलेला हुबेहूब नमुना, काउंटरवर ठेवायला मिळतो. या वेळी तोही विक्रीच्या दिवशीच मिळेल असे सांगण्यात आले. दोन हजारांचे टोकन भरून बुकिंग करणाऱ्याला ब्लूटूथ हेडफोन फुकट होते आणि फोन नको वाटल्यास टोकन परत मिळणार होते. जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत माझ्याकडे ३४ बुकिंग झाली. आमच्या दुकानाने एका फोनला एवढी बुकिंग त्याआधी कधी पाहिली नव्हती.

त्या चौतिसांतला पहिला माणूस मिरकरवाडा बंदरावरचा एक तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचा म्होरक्या, होता. १ जून ते ३१ जुलै पावसाळी मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या शाकारून झाल्या की ही मंडळी जाळ्यांच्या डागडुजीला बसतात आणि अधूनमधून बाजारात येतात. या तांडेलमामांचा फोन दर हंगामात पाण्याने जात असे, हे मला माहीत होते, कारण दर वर्षी नवा फोन ते माझ्याकडूनच नेत. त्यांनी स्टँडीवरच्या थेंबांवरून बोट फिरवले आणि विचारले, “ह्यो पाण्यातला फोन काय, शेठ?”

मी म्हणालो, “तसंच ऐकलंय, मामा.”

हे मी खोटे बोललो नव्हतो, कारण मी खरोखरच तसे ऐकले होते. दुकानातल्या प्रमोटर मुलाने ते मला सांगितले होते, त्याने ते एका व्हिडिओत पाहिले होते, आणि व्हिडिओ करणाऱ्याने ते कशावरून सांगितले, याचा शोध मी पुढे घेतला तेव्हा कळले की त्याने तो तर्क याच थेंबांच्या चित्रावरून केला होता. म्हणजे बातमी स्टँडीवरून निघाली, तीन तोंडे फिरली आणि माझ्या तोंडून पुन्हा स्टँडीपाशी येऊन उभी राहिली. तांडेलमामांनी दोन हजार मोजून ठेवले.

विक्रीच्या दिवशी सकाळी पेट्या आल्या. दुपारी बारापूर्वी एकाही खोक्याचे सील तोडू नये, अशी सक्त ताकीद होती आणि ती पाळली जाते की नाही हे पाहायला कंपनीचा विक्री अधिकारी स्वतः हजर होता. तांडेलमामा साडेनऊलाच येऊन बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून, सोबत होडीवरचे दोघे खलाशी. बाराच्या ठोक्याला पहिले खोके त्यांचेच उघडले. फोन हातात आल्यावर एरवी माणूस आधी कॅमेरा उघडतो; मामांनी फोन चालूसुद्धा केला नाही. त्यांनी दुकानातल्या माठाकडे बोट दाखवले आणि म्हणाले, “गिलासभर पाणी आणा बघू.”

पाणी प्यायला हवे असेल असे वाटून मुलाने स्टीलचा पेला भरून आणला. मामांनी फोन दोन बोटांत धरून पेल्यावर नेला, तेव्हा माझ्या लक्षात आले आणि मी त्यांचा हात धरला. खोक्यातले वॉरंटीचे पत्रक मी तोवर वाचले नव्हते. ते उघडून चष्मा लावून वाचले, तर त्यात ‘आयपी ५३’ असे लिहिले होते आणि दोन ओळींखाली, द्रवामुळे झालेले नुकसान वॉरंटीत धरले जाणार नाही, असे वाक्य होते.

या आकड्यांचा अर्थ मला त्या गर्दीत उभे राहून सांगावा लागला. पहिला आकडा धुळीचा आणि दुसरा पाण्याचा असतो. पाण्याचा आकडा तीन असेल तर वरून किंवा थोड्या तिरक्या दिशेने येणारा फवारा फोन सोसू शकतो. चार असेल तर कोणत्याही बाजूने उडालेले शिंतोडे. सात असेल तर मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडणे. आठचा आकडा त्याहून वरचा, पण तो असलेल्या फोनचीही परीक्षा गोड्या पाण्यात घेतलेली असते. समुद्राच्या खाऱ्या पाण्याविषयी त्यातला कोणताही आकडा काही बोलत नाही.

मामांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग वर थेंब कशाला काढले?”

विक्री अधिकारी पुढे झाला. “काका, ते पावसाचे थेंब आहेत. पावसाच्या सरीला हा फोन टिकतो. बुडवायचा असं कंपनीनं कुठंच म्हटलेलं नाही.”

त्याचे म्हणणे शब्दशः बरोबर होते, आणि तेच मला बोचले. २०१६ च्या फेब्रुवारीत २५१ रुपयांच्या स्मार्टफोनचा देशभर बोलबाला झाला होता आणि माझ्या काउंटरवरही माणसे फॉर्म भरून द्या म्हणून बसली होती. तेव्हा लोकांना हात जोडून परत पाठवणे सोपे होते, कारण तो व्यवहार पटण्यासारखाच नव्हता. इथे मात्र फोन खरा होता, किमतीच्या मानाने चांगलाही होता आणि कंपनीने एकही खोटे वाक्य छापले नव्हते. तिने फक्त जागा मोकळी सोडली होती. ती लोकांनी आपापल्या गरजेने भरली आणि भरताना मी हातभार लावला. अशी मोकळी जागा किती फुगू शकते, याचा नमुना २००१ साली अमेरिकेत दिसला. ‘जिंजर’ या टोपणनावाच्या एका यंत्राची वर्षभर चर्चा होती, शहरांची रचना बदलेल इथपर्यंत लोकांचे तर्क गेले होते, आणि ३ डिसेंबरला पडदा उघडला तेव्हा आतून सेगवे ही उभ्याने चालवायची दुचाकी निघाली. गाडी तोल सांभाळण्यात कमालीची हुशार होती, तरी लोकांच्या मनातल्या गाडीपुढे ती किरकोळच वाटली.

आधी गाजावाजा करणे वाईटच, असे मात्र मी म्हणणार नाही. २००७ च्या ९ जानेवारीला दाखवलेला पहिला आयफोन २९ जूनला विक्रीला आला, म्हणजे जवळजवळ सहा महिने लोकांनी वाट पाहिली, आणि ती वाट कंपनीच्या फायद्याचीच ठरली. एक तर मंचावर फोन चालवून दाखवला होता, त्यामुळे लोक कशाची वाट पाहत आहेत हे त्यांना ठाऊक होते. दुसरे म्हणजे या वाट पाहण्यात पडून राहील असा त्या कंपनीचा स्वतःचा जुना फोन कोणत्याही दुकानात नव्हता. ही दुसरी गोष्ट मला त्याच रात्री हिशेब करताना कळली, तीही माझ्याच खिशातून.

दिवसभरात ३४ पैकी २७ जणांनी फोन नेले आणि सात जणांनी तो घेतला नाही. सातांपैकी चौघांना पाण्याचेच कारण होते. गर्दी इतकी होती की आम्ही कोणी जेवलो नव्हतो, आणि शटर खाली घेताना हा वर्षातला सर्वांत चांगला दिवस असे मी मुलांना म्हणालोसुद्धा. एका फोनमागे मला ७०० रुपये सुटत होते, म्हणजे १८,९०० रुपये. मग माझी नजर मागच्या फळीवर गेली. तिथे त्या सकाळी याच कंपनीच्या आधीच्या मॉडेलचे ११ नग होते. मे महिन्यात मी ते प्रत्येकी १८,२९९ रुपयांना उचलले होते आणि १८,९९९ ला विकत होतो. स्टँडी उभा राहिल्या दिवसापासून त्या दुपारपर्यंत त्यातला एकही हलला नव्हता, कारण जो येई तो ‘नवा येतोय ना, मग थांबतो’ म्हणून परत जाई. त्या दुपारी कंपनीने जुन्याची किंमत १५,९९९ केली. भाव उतरला की दुकानदाराला फरकाची क्रेडिट नोट, म्हणजे तेवढी रक्कम त्याच्या खात्यावर जमा झाल्याची चिठ्ठी, मिळते, पण ती मागच्या तीस दिवसांत उचललेल्या मालापुरतीच होती आणि माझा माल त्याहून जुना होता. नगामागे २,३०० याप्रमाणे ११ नगांचे २५,३०० रुपये माझ्या अंगावर आले. वर्षातला सर्वांत चांगला दिवस ६,४०० रुपयांनी तोट्यात होता.

ऑस्बोर्न नावाच्या अमेरिकन कंपनीची गोष्ट मी पूर्वी वाचली होती. तिचा उचलून नेता येणारा संगणक १९८१ मध्ये १,७९५ डॉलरला आला आणि धडाक्याने खपला; १९८३ मध्ये पुढच्या मॉडेलची चर्चा माल तयार होण्याआधीच सुरू झाली, विक्रेत्यांनी जुन्याची मागणी थांबवली आणि त्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीत गेली. दिवाळखोरीला इतरही कारणे होती, असे म्हणणारे जाणकार आहेत. वाचताना मला ती दूरच्या देशातली, मोठ्या माणसांच्या चुकीची गोष्ट वाटली होती. फरक इतकाच की तिथे आपल्याच बोलण्याचे फळ कंपनीने भोगले. इथे बोलली कंपनी आणि फळीवर माल होता माझा.

तांडेलमामांचे राहिले. त्यांनी टोकन परत मागितले नाही. फळीवरच्या जुन्या मॉडेलची उतरलेली किंमत विचारली, दोन हजार त्यात वळते करून घ्यायला सांगितले आणि वर दीडशे रुपयांची, दोरी लावलेली पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी मागितली. पिशवी हातात आल्यावर त्यांनी खिशातली बुकिंगची पावती काढून चार घड्या घातल्या, पिशवीत सरकवली, तोंडाची चाप दोनदा दाबून पाहिली आणि पिशवी त्याच स्टीलच्या पेल्यात बुडवून अंगठ्याने तळाशी धरून ठेवली. दुकानात पंचवीसेक माणसे होती, नवे फोन हातात घेतलेली, पण सगळे त्या पेल्याकडे बघत होते. दोन-तीन मिनिटांनी त्यांनी पिशवी वर काढली, सदऱ्याला पुसली, पावती उलगडून आधी स्वतः पाहिली आणि मग माझ्यापुढे धरली. शाई कुठे फुटली नव्हती. “ही चालंल,” ते म्हणाले, आणि होडीवरच्या दोघांसाठी आणखी दोन पिशव्या घेतल्या.

त्यानंतर दुकानात आलेल्या प्रत्येक स्टँडीबरोबर मी वॉरंटीचे पत्रक मागतो. ते मिळत नाही, म्हणून बुकिंगच्या पावतीवर ‘पत्रक पाहून मगच फोन घ्यावा’ असा शिक्का मारतो आणि कोणी काही विचारले तर मला ठाऊक नाही असे सांगतो. पुढच्या फोनला ३४ च्या जागी १२ बुकिंग झाली. बाराही जणांनी फोन नेले. वितरकाने मात्र माझे टार्गेट चुकले म्हणून त्या महिन्याची स्कीम, म्हणजे टार्गेट गाठल्यावर मिळणारी जादा रक्कम, दिली नाही.

जुन्या मॉडेलच्या उरलेल्या दहा नगांतला शेवटचा गणपतीला आलेल्या एका चाकरमान्याने नेला, तोही खोक्याचा कोपरा चेपला आहे म्हणून तीनशे रुपये कमी करून.