रोम, फ्लॉरेन्स आणि मधला एक दिवस नेपल्स: थोड्या सुट्टीत इटलीतली शहरं कशी निवडली

युरोपला जायचं म्हटलं की आपल्याकडे आधी देशांची यादी होते. पॅरिस, स्वित्झर्लंड, रोम, व्हेनिस, जमलंच तर ॲमस्टरडॅम. आमच्या कोल्हापूरच्या घरीही तसंच झालं. लेकीनं शहरं लिहिली, यजमानांनी विमानाची भाडी काढली आणि आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एकच नाव सांगितलं. "बाकीचं तुमी बघा. फ्लॉरेन्सला म्हाराजांच्या छत्रीला मात्र जायचं." म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांच्या तिथल्या स्मारकाला.

आबांच्या त्या एका वाक्यानं आमचं निम्मं काम झालं. ज्या शहराला जाण्याचं घरातल्या कुणाकडे तरी स्वतःचं कारण आहे, ते शहर आधी पक्कं करावं आणि बाकीची त्याच्या आजूबाजूला बसवावीत. सगळे जातात म्हणून यादीत घुसलेली शहरं सुट्टीचा खुर्दा करतात.

दुसरी गोष्ट म्हणजे दिवस मोजू नयेत, रात्री मोजाव्यात. कोल्हापूरकरांना तर हे जास्तच लागू आहे. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं जा नाहीतर गाडीनं, मुंबई गाठण्यातच एक रात्र किंवा एक दिवस जातो, येताना पुन्हा तेच. त्यात आखातातून विमान बदलायचं. कागदावर बारा दिवसांची सुट्टी असली तर तिथं हातात आठ-नऊ रात्रीच पडतात. आता शहर बदलायला काय लागतं ते बघा. सकाळी सामान भरायचं, दहा-अकरापर्यंत खोली सोडायची, स्टेशन, गाडी, नवं गाव, आणि तिथली खोली बहुतेक ठिकाणी दुपारी दोन-तीनच्या आत मिळत नाही. रोम ते फ्लॉरेन्स वेगवान गाडी दीड तासात जाते, तरी मोडतो सबंध अर्धा दिवस. सोबत वयस्कर माणूस असेल तर त्या दिवशी दुसरं काहीच होत नाही असं धरून चाला.

कोल्हापूरला आलेल्या पाहुण्याला आपण एका दिवसात अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा, जोतिबा आणि नृसिंहवाडी असं सगळं दाखवलं, तर त्याला आठवतो फक्त गाडीचा दरवाजा. चार देशांच्या सहलीचं तेच होतं. म्हणून आम्ही एकच देश घेतला, त्यातही मुक्काम दोनच ठिकाणी: रोम आणि फ्लॉरेन्स.

व्हिसाच्या दृष्टीनंही हे सोपं पडतं. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे मागायचा असतो, आणि रात्री सारख्याच असतील तर जिथून आत शिरणार त्या देशाकडे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. मोठ्यांची फी ९० युरो, आणि प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. बोटांचे ठसे आधी दिलेले नसतील तर प्रत्यक्ष जावं लागतं, तेव्हा तो मुंबई-पुण्याचा हेलपाटाही हिशेबात धरा.

व्हेनिस वगळण्यावरून घरात बरीच वादावादी झाली. लेकीचा जीव व्हेनिसमध्ये अडकला होता. "आई, तिथवर जाऊन व्हेनिस नाही बघायचं?" पण फ्लॉरेन्सहून गाडीनं सव्वादोन तास जायला आणि तेवढेच यायला. मुक्काम करायचा तर बॅगा घेऊन पुलांच्या पायऱ्या चढ-उतर, आणि आबांचे गुडघे काही तरुण नाहीत. शिवाय आम्ही दिवाळीनंतर निघालो होतो. शरद ऋतूच्या शेवटापासून तिथं भरतीचं पाणी रस्त्यांवर चढण्याचे दिवस असतात. एका दिवसात धावत बघण्यासारखं ते शहर नाही, त्याला दोन रात्री तरी द्यायला हव्यात आणि त्या आमच्याकडे नव्हत्या. मिलानवर कुणी फारसं बोललंच नाही.

विमानाची तिकिटं काढताना उतरायचं शहर आणि परतीचं शहर वेगळं ठेवा. आम्ही रोमला उतरलो आणि बोलोन्याहून परतलो. फ्लॉरेन्सहून बोलोन्या वेगवान गाडीनं जेमतेम चाळीस मिनिटं. तिथल्या स्टेशनवरून विमानतळाला मोनोरेल सात-आठ मिनिटांत पोचवते आणि दुबईचं विमान मिळतं. रोमला परत जाण्याचा फेरा वाचला. अशा तिकिटाला भाडं थोडं जास्त पडलं तरी वाचलेल्या दिवसाची किंमत त्याहून जास्त असते.

मग आठवड्याचे वार बघायचे. शहरांचा क्रम नकाशापेक्षा वारांवर जास्त ठरतो, हे मी ठासून सांगेन. फ्लॉरेन्सची उफिझी आणि मायकेलँजेलोचा डेव्हिडचा पुतळा जिथं आहे ती अकादेमिया, ही दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद असतात. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद. महिन्याचा शेवटचा रविवार तेवढा उघडा आणि फुकट, त्यामुळे गर्दी अफाट. बुधवारी सकाळी पोप लोकांना दर्शन देतात, तेव्हा व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चर्चच्या बाजूला दुपारीच जावं. नेपल्सचं पुराणवस्तू संग्रहालय मंगळवारी बंद. हे चार वार वहीत लिहिले आणि आमचा कार्यक्रम आपोआप लागला: सोमवार रोममध्ये, नेपल्स बुधवारनंतर, उफिझी आठवड्याच्या शेवटाला.

रोमबद्दल थोडक्यात. कलोसियमची तिकिटं नावानिशी आणि वेळेनिशी असतात. पासपोर्टवर आहे तसंच नाव घाला आणि दारात पासपोर्ट जवळ ठेवा. त्याच तिकिटावर फोरम, म्हणजे जुन्या रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष, आणि पॅलेटाइन टेकडी येते, पण तिथं चढ आणि ओबडधोबड दगड आहेत. आबा कलोसियम बघून बाहेर बाकावर बसले आणि आम्ही फोरम उरकून आलो. पँथियन या प्राचीन रोमन देवळाला २०२३ पासून तिकीट लागतं. सेंट पीटर्समध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. रस्तोरस्ती छोटे नळ अखंड वाहत असतात, पाणी थंडगार आणि पिण्याजोगं, बाटल्या विकत घेऊ नका. तेर्मिनी या रोमच्या मुख्य स्टेशनवर आणि गर्दीच्या बसमध्ये पाकीट पुढच्या खिशात.

नेपल्सला आम्ही मुक्काम न करता रोमहूनच एका दिवसात जाऊन आलो. वेगवान गाडी सव्वा तासाच्या आत पोचवते. बहुतेक लोक पोम्पेई बघायला जातात, आम्ही आधी संग्रहालयाला गेलो आणि त्याचं कारण कोल्हापुरातच आहे. आपल्या टाउन हॉल म्युझियममध्ये ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेली पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, छोटी ब्राँझची मूर्ती आहे, रोमन जगातून व्यापारातून इथवर आलेली. तिची उलटी वाट नेपल्सला दिसते. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गेलेल्या पोम्पेईत १९३८ साली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, ती भारतातली. 'पोम्पेईची लक्ष्मी' या नावानं ती ओळखली जाते. ती लक्ष्मी की यक्षी, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण तिच्यासारख्या हस्तिदंती मूर्ती आपल्याकडे तेर आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. एकीकडे पंचगंगेच्या काठावर पोसायडन, दुसरीकडे पोम्पेईत मराठी मुलखाशी नातं सांगणारी ही बाई. मला तिच्यासमोरून हलवेना. ती 'गुप्त दालन' म्हणतात त्या विभागात आहे आणि तिथं रोमन कामचित्रंही आहेत. मुलं किंवा वडीलधारी सोबत असतील तर आधी माहीत असलेलं बरं. ते दालन कधी कधी बंद असतं, म्हणून तिकीट काढतानाच विचारा. स्टेशनवरून मेट्रोच्या दोन नंबरच्या लाइननं कावूर हे पहिलंच स्टेशन, तिथून चालत.

संग्रहालय आणि पोम्पेई दोन्ही एका दिवसात तरुणांना जमेल. लेक आणि तिचे बाबा दुपारी लोकल गाडीनं पोम्पेईला गेले. ही गाडी अर्ध्या-पाऊण तासाची आणि खच्चून भरलेली असते. नोव्हेंबरात पाचच्या आत अंधार पडतो आणि पोम्पेईही लवकर बंद होतं, तेव्हा तिथं सकाळीच जाणं चांगलं. आबा आणि मी पिझ्झा खाऊन निवांत स्टेशनवर आलो.

फ्लॉरेन्सला आम्ही सगळ्यात जास्त रात्री दिल्या. शहर चालत फिरता येतं आणि स्टेशन अगदी मध्यावर आहे. तिथल्या मुख्य चर्चवरच्या ब्रुनेलेस्कीच्या घुमटाला ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, वेळ आधी घ्यावी लागते. पाच मीटरहून उंच डेव्हिडपुढे मात्र आबाही बराच वेळ उभे राहिले. संध्याकाळी पियाझ्झाले मायकेलँजेलो या टेकडीवरच्या चौकात चढून जायला नको, १२ किंवा १३ नंबरची बस वर नेऊन सोडते. पिसाला अर्ध्या दिवसात जाऊन येता येतं, साधी गाडी तासाभराची. साध्या गाडीचं कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर दंड.

आणि छत्री. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडला गेले होते. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं, वय अवघं वीस. तेव्हा फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होती. दहनाची तिथं रीत नव्हती, खास परवानगी घेऊन आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. १८७४ मध्ये तिथं छत्री उभी राहिली, आत महाराजांचा अर्धपुतळा. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा, ज्यांनी आपल्या कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचाही आराखडा केला. शेजारच्या पुलाला आणि चौकालाही 'इंदियानो', म्हणजे त्या भारतीयाचं, नाव आहे. महाराज त्या प्रवासात रोजनिशी लिहीत होते आणि ती १८७२ साली छापली गेली. वीस वर्षांचा मुलगा इतक्या लांब, आपल्या माणसांतून उठून आला होता, याचं आबांना फार वाटलं. त्यांनी कोल्हापूरहून अंबाबाईचं कुंकू आणलं होतं. कठड्याबाहेरूनच नमस्कार केला आणि म्हणाले, "बरं झालं आलो."

ही जागा काशिने बागेच्या पार पश्चिम टोकाला आहे. ट्रामचा 'काशिने' थांबा पूर्वेच्या टोकाला पडतो आणि बाग साडेतीन किलोमीटर लांब आहे. तरुण असाल तर झाडांखालून चालत किंवा सायकलनं मजेत जा. वयस्करांसाठी टॅक्सीवाल्याला 'पियाझ्झाले देल इंदियानो' सांगा आणि परतीच्या टॅक्सीचंही तेव्हाच ठरवा, कारण तिकडे रिकामी टॅक्सी फिरत नाही. मंगळवारी सकाळी बागेत मोठा बाजार भरतो, त्या गर्दीत रस्ता शोधत बसावं लागतं. दुसरा वार निवडा.

खाण्याचं सांगते. फ्लॉरेन्सच्या गाड्यांवर लाम्प्रेदोत्तो नावाची वजडी मिळते, कोल्हापूरकराचा हात लगेच पुढे होतो, पण ती गाईची असते. खायची नसेल तर आधी विचारा. शाकाहारी मंडळींना पाव, घेवड्याच्या बिया आणि भाज्यांचं घट्ट रिबोल्लिता सूप पोटभर होतं. पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण वापरतात, कडक पाळणाऱ्यांनी ते टाळावं. बिलात माणशी 'कोपेर्तो', म्हणजे टेबलावर बसण्याचा आकार, लावतात, त्यात फसवणूक नाही. मुक्कामाच्या हॉटेलात माणशी दर रात्रीचा शहराचा कर वेगळा भरावा लागतो.

तुमच्याकडे आमच्यापेक्षा दोन-तीन रात्री जास्त असतील तर नवा देश जोडू नका, फ्लॉरेन्सनंतर व्हेनिस जोडा. परतीचं विमान तिथूनच काढा आणि खोली सांता लुचिया स्टेशनच्या जवळ, मध्ये पूल न लागणाऱ्या गल्लीत घ्या. वेगवान गाड्यांची तिकिटं लवकर काढलीत तर निम्म्याहून कमीतही मिळतात, म्हणून व्हिसा हातात पडला की त्याच आठवड्यात ती उरका.