राणीचा कॅमिओ आणि अहवालातली एक ओळ

लंडनमध्ये रत्नपरीक्षणाचे काम करताना टेबलावर येणाऱ्या बहुतेक कॅमिओंचा, म्हणजे दगडात किंवा शिंपल्यात उठावात कोरलेल्या चेहऱ्यांचा, निकाल लवकर लागतो. मागची बाजू खोलगट असेल तर शिंपला, भिंगाखाली बुडबुडे दिसले तर काच, आणि अतिनील प्रकाशात दोन थरांमधला डिंक चमकला तर पांढरा चेहरा काळ्या दगडावर चिकटवलेला, एवढे पाहिले की अहवाल लिहून होतो. गेल्या हिवाळ्यात एका व्यापाऱ्याने आणलेल्या पदकाचा अहवालही मी लिहून दिला, परंतु तो दगड अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

दगड सार्डोनिक्स होता, म्हणजे थरांचा अकीक. त्यावर इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीचा डावीकडे पाहणारा चेहरा उठावात कोरलेला होता. अशा कामात कारागीर थरांचाच रंग म्हणून उपयोग करतो. इथे तळाला गडद थर मोकळा ठेवला होता, चेहरा आणि गळ्याभोवतीची चुणीदार झालर पांढऱ्या थरात काढली होती, आणि सर्वांत वरचा तपकिरी थर केस, दागिने व पोशाखापुरता राखला होता. त्या तपकिरी थराची जाडी काही ठिकाणी नखाएवढीही नव्हती. अकीकावर पोलादी टोकाचा ओरखडाही उमटत नाही. म्हणून फिरत्या सामत्याला, म्हणजे गिरमिटाला, मऊ लोखंडाचे टोक लावून त्यावर तेलात कालवलेली हिऱ्याची किंवा कुरुंदाची पूड द्यावी लागते, आणि खरे कापण्याचे काम ती पूड करते. झालरीच्या प्रत्येक चुणीच्या तळाशी मला गोल बुडाची बारीक खाच दिसली, आणि राणीच्या माळेतल्या मोत्यांच्या कडेला टोक टेकवून उचलल्याच्या खुणा दिसल्या. तो हात निःसंशय कसलेला होता.

व्यापाऱ्याला अहवालात ‘सोळावे शतक’ एवढेच हवे होते. अडचण अशी की कोरीव काम केव्हा झाले हे दगडावरून मोजून सांगणारे कोणतेही उपकरण आमच्याकडे नाही. अकीक ज्या दिवशी कोरला त्याच्या आधीही कोट्यवधी वर्षे जुना असतो. तो कुठून आला हे कळले तरी उपयोग होत नाही, कारण प्राचीन काळापासून हा दगड हिंदुस्थानातून पश्चिमेकडे जात आला आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक सागरी वृत्तांतात तर पैठणहून गाड्यांतून भडोचला जाणाऱ्या अशाच दगडाचा उल्लेख आहे. चेहराही मदत करत नाही. राणीचा जन्म 1533 चा, आणि तिचे कॅमिओ साधारण 1575 ते 1585 या दशकातले मानले जातात, म्हणजे तेव्हा ती चाळिशी-पन्नाशीत होती. तरीही जवळजवळ सगळ्यांत तोच एक ठरीव, वय न दिसणारा चेहरा आहे. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्यासाठी दगड कोरणाऱ्या याकोपो दा त्रेत्सोचे नाव आपल्याला ठाऊक आहे. इंग्लंडच्या राणीचे कॅमिओ कोरणाऱ्यांची नावे मात्र खात्रीने सांगता येत नाहीत, त्यामुळे हाताची तुलनाही अर्धवटच राहते. त्यात पुढच्या शतकांतल्या कोरक्यांनीही हाच चेहरा पुन्हा पुन्हा कोरला.

उरले कोंदण. सोन्याचे कोंदण एकोणिसाव्या शतकातले होते, हे त्यावरच्या छापावरून उघड होते. दगड कोंदणातून काढल्याशिवाय मी अहवाल देणार नाही असे सांगितले तेव्हा व्यापारी चिडला, आणि आमच्या कार्यालयातल्या वरिष्ठांनीही ‘गिऱ्हाईक दुखवू नका’ असा सल्ला दिला. हा सल्ला या धंद्यात फार ऐकावा लागतो आणि तो मला कधीच पटलेला नाही. शेवटी परवानगी मिळाली. एका अनुभवी सोनाराने माझ्यासमोर कड हळूहळू उघडली, आणि इतकी वर्षे सोन्याखाली लपलेला एक टवका दिसला. झालरीच्या टोकाचा कपचा उडालेला होता, पण त्याची धार ताजी नव्हती. दहापट भिंगाखाली ती झिजून गोलसर झालेली दिसत होती. म्हणजे टवका उडाल्यानंतर दगड बराच काळ उघड्या कडेने वापरात होता, आणि त्यानंतरच आजच्या कोंदणात बसला.

मी लिहिले: ‘कोरीव काम कोंदणापेक्षा जुने, शैली सोळाव्या शतकाशी सुसंगत, निश्चित काळ सिद्ध करता येत नाही.’ व्यापाऱ्याने अहवाल घेतला आणि काही महिन्यांनी तोच दगड एका विक्रीच्या यादीत ‘सुमारे 1580’ असा छापलेला मला दिसला, सोबत राणीने तो एका सरदाराला दिल्याची कौटुंबिक आख्यायिका. अशा आख्यायिकांचे काय होते ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या बार्बर पदकावरून कळते. घराण्याची कथा ते 1558 मधल्या, राणी गादीवर आली तेव्हाच्या एका सुटकेशी जोडते. पदकाची घडण आणि राणीचा पोशाख मात्र त्याला कित्येक दशके पुढे नेतात. ते पदक त्यामुळे कमी मोलाचे झालेले नाही.

मला राग आहे तो तारखेचा नाही, कारण ती कदाचित बरोबरही असेल. टवक्याचे छायाचित्र मी पुरवणीत जोडले होते आणि यादीत ते गाळले गेले. त्या दगडाच्या वयाबद्दल आपल्या हाती असलेला एकमेव भौतिक पुरावा तोच होता. आता कोंदणाखालच्या कडेचे छायाचित्र मी अहवालाच्या पहिल्याच पानावर, माझ्या सहीच्या वर छापून घेतो.